चार मिनिटं वजा

आमच्या सरांना एक वाईट खोड होती. प्रश्न विचारताना ते चेहरा असा करायचे, की बिचाऱ्यांना खरंच उत्तर माहीत नसावं. फळ्यावर भलंमोठं गणित मांडायचं, खडू खिशात टाकायचा आणि पहिल्या बाकावरच्या कुणाकडं तरी बघून म्हणायचं, "किती येतंय रं गड्या? मला काय जमंना बाबा." मग आमच्यातला एखादा भोळा सरांना मदत करायला म्हणून उठायचा आणि आकडा सांगायचा. सर गंभीरपणे मान डोलवायचे. "चुकलं," म्हणायचे आणि दशांश चिन्हापुढच्या चार आकड्यांसकट उत्तर तोंडपाठ सांगायचे. घरून सकाळीच सोडवून आलेले असायचे. या खोडीपायी मी पहिल्या वर्षी वर्गात तीनदा तोंडावर आपटले, तरी चौथ्यांदा उठलेच.

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर आम्हाला यंत्रं शिकवायचे. मूळ कृष्णाकाठच्या एका खेड्यातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. थोडा ऊस, थोडी हळद. जुन्या स्कूटरवरून यायचे आणि स्कूटरच्या डिकीत पुस्तकांशेजारी खुरपं असायचं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं ते सरकत्या पट्टीचं हत्यार. दिसेल त्याची जाडी मोजायचे. कॅन्टीनचा डोसा मोजायचे, नवीन पुस्तकाचं पान मोजायचे. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी केलेली भाकरी त्यांनी माझ्यासमोर मोजली.

"दोन पॉइंट आठ मिलिमीटर," सर म्हणाले. "परवाबी दोन पॉइंट आठच हुती. आमच्या वर्कशॉपमधी एकाला असा जॉब जमत न्हाई."

"आवं, गिळा आता," काकू म्हणाल्या. "दिवस मावळाय लागलाय."

तर हा दिवस मावळायचा प्रकार. सर सूर्य मावळल्यावर जेवत नसत. त्यांच्या घरात कुणीच जेवत नसे, काकूही नाही. तसं पाळणारी कितीतरी घरं सांगलीच्या आसपास आहेत, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते सरांच्या मिनिटांचं. बाकीचे लोक आभाळाकडं बघून अंदाजानं जेवतात. सरांना वर्षातल्या प्रत्येक दिवसाचं मिनिट पाठ होतं. कॉलेजची मीटिंग रंगात आली असली, प्राचार्य बोलत असले, तरी सर डबा उघडायचे. एकदा पाहुण्यांच्या भाषणात त्यांनी पहिल्या रांगेत बसून वांग्याची भाजी खाल्ली होती. पाहुणे थांबले, तर सर म्हणाले, "तुमी चालू द्या. तुमच्याकडं टाइम हाय, माझ्याकडं अकरा मिनिटं हायत."

आणि हाच माणूस आम्हा पोरांच्या बाबतीत इतका सैल, की विचारू नका. असाइनमेंट आठवडाभर उशिरा दिली तरी घ्यायचे. कुणी म्हटलं, सर, स्वतःला एवढं कडक आणि आम्हाला एवढी सूट का, की म्हणायचे, "शाफ्ट आन् बेअरिंगमधी फट शून्य ठेवली तर काय हुईल?"

"शाफ्ट आत जाणारच नाही सर, फिरणं तर लांबच."

"मग? फट ठेवाय लागती. किती ठेवायची तेवढं कळलं की झालं इंजिनिअर."

आमच्या कॉलेजचा स्वीडनमधल्या एका विद्यापीठाशी करार होता. दरवर्षी एक विद्यार्थी आणि एक शिक्षक एका सेमिस्टरसाठी तिकडं जायचे. त्या वर्षी विद्यार्थी म्हणून माझा नंबर लागला, आणि शिक्षक म्हणून कुणी तयार होईना, तेव्हा सरांनी हात वर केला. वय त्रेपन्न, शुगरची गोळी चालू, विमान फक्त उसाच्या फडावरून जाताना बघितलेलं. सगळे हसले. त्यात सरांनी अजून एक घोटाळा केला. तिकडं शिकवायला न जाता विद्यार्थी म्हणून नाव घातलं. "त्यास्नी मी काय शिकवू? शिकाय जातोय," म्हणाले.

माझे वडील फौजी. साताऱ्याजवळच्या गावातून ते खास सांगलीला आले, पोरीबरोबर जाणारा हा मास्तर कोण ते तपासायला. सरांनी काही बोलायच्या आत त्यांना पाटावर बसवलं आणि म्हणाले, "आदी जेवा. तेवीस मिनिटं हायत." वडील मुकाट्यानं जेवले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "माणूस पलटणीतला वाटतोय. जा तू."

निघताना काकूंनी मला माजघरात बोलावलं. ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरचे बेदाणे बॅगेत भरता भरता म्हणाल्या, "पोरी, ह्यो माणूस उपाशी ऱ्हाईल पर नेम मोडायचा न्हाई. शुगर हाय त्यास्नी. दोन्ही टायमाला पोटात गेलं का न्हाई, तेवढं तू बघ. तुझ्यावर टाकलंय मी." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय!

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पोचलो तेव्हा तिकडं सूर्य रात्री सव्वाआठला मावळत होता. सर खूश. "लय ऐसपैस दिवस हाय गड्या ह्यांचा," म्हणाले. मला चुकून गड्या म्हणायचे, मलाही ते आवडायचं. पण तिथला सूर्य दररोज दोन-तीन मिनिटं लवकर मावळायला लागला. सप्टेंबरात सात झाले, ऑक्टोबरात सहा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तर तिथल्या लोकांनी घड्याळच एक तास मागं घेतलं.

"घड्याळ मागं घेत्यात?" सर थक्क झाले. "आन् सूर्याला कोन सांगनार?"

सूर्याला कुणी सांगितलं नाही. सरांचं जेवण मात्र एका दिवसात साडेपाचाच्या आतून साडेचाराच्या आत आलं. डिसेंबर लागला तेव्हा सकाळी पावणेनऊनंतर एक जेवण आणि दुपारी तीनला दुसरं, की मग दुसऱ्या दिवशीचा सूर्य वर येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. तोही सूर्य दिसेल तर शपथ. आठवडेच्या आठवडे नुसतं राखाडी आभाळ. सर रोज सकाळी लॅबच्या दारात मला विचारायचे, "पोरी, आज किती?" मी फोनमध्ये बघून सूर्यास्ताची वेळ सांगायची. ते मान डोलवायचे.

त्या तीन शब्दांनी मला केवढी मोठी केली होती! सांगलीत सगळ्यांना मिनिटं सांगणारा हा माणूस इथं माझ्या तोंडाकडं बघत होता. माझ्या फोनवर त्यांचा नेम चालला होता.

वर्गात विशी-बाविशीची पोरं आणि पहिल्या बाकावर आमचे सर, स्वेटरवर स्वेटर घालून. इंग्रजी बेताचं, पण शंका विचारायला कधी लाजले नाहीत. तिकडचा एक प्राध्यापक फळ्यावर गणित सोडवताना अडला, तर सर जाग्यावरून "मायनस राहिला" म्हणाले, मराठीतच. आणि तो प्राध्यापक खरंच मागं वळून मायनस शोधायला लागला. लॅबमध्ये दोघादोघांचे गट करायचे होते. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला कुणी घेईना आणि घाबरून बोबडी वळणाऱ्या मला कुणी घेईना, म्हणून आम्हा दोघांचा गट झाला.

आता त्या दिवसाचं सांगते.

डिसेंबरच्या मध्यावर शेवटचं प्रात्यक्षिक होतं. वेगानं फिरणारी एक जाड तबकडी असते, ती मुद्दाम एका बाजूला जड केलेली. ती फिरली की अख्खं टेबल थरथरतं. ती कुठं जड आहे ते मोजून, समोरच्या बाजूला बरोब्बर तेवढं वजन लावायचं आणि थरथर ठरलेल्या मर्यादेत आणायची. जमलं तर पास. नाही जमलं तर सेमिस्टर गेलं, म्हणजे सांगलीत आल्यावर माझं वर्ष गेलं. सरांचं काही जाणार नव्हतं. त्यांना मार्कांचं काय?

वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी दोन. लॅब तळघरात, एक खिडकी नाही, आत खायला बंदी. सूर्य उगवायच्या आधी आत शिरलो, त्यामुळं सरांचं सकाळचं जेवण राहिलं. "दोनला सुटू, अडीचला जेवू," सर म्हणाले. आदल्या दिवशी तीनला जेवलेला माणूस.

दोन वाजायला पंधरा मिनिटं असताना आम्ही वजन लावून तबकडी फिरवली, आणि थरथर कमी व्हायच्या जागी दुप्पट झाली. टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उड्या मारत खाली पडला. वजन लावायच्या जागेचा कोन फिरण्याच्या उलट दिशेनं मोजायचा होता, आणि मी तो फिरण्याच्या दिशेनं मोजला होता. पहिल्या वर्षाच्या पोरानं करावी अशी चूक. लॅबच्या बाईंनी दया केली, म्हणाल्या, चारपर्यंत परत करा, पण मशीन सोडून गेलात तर पुढच्या गटाला देईन. आणि मशीन चालू असताना दोघंही हजर पाहिजेत, हा तिथला नियम.

मी म्हटलं, "सर, तुम्ही जेवायला जा. राहू दे हे."

"राहू दे म्हंजे? वरीस जाईल तुझं."

"सर, तीन पंचवीसला मावळणार आहे आज."

"मावळू दे. जेवन उद्याबी हाय," म्हणाले, आणि कोनमापक हातात घेऊन मला म्हणाले, "हं. कुठनं मोजायचा? मला काय जमंना बाबा."

तीन पन्नासला तबकडी फिरली आणि टेबल गप्प. बाईंनी आकडा बघितला, सही केली. मी पास झाले होते. वळून बघते तर सर स्टुलावर बसलेले. डिसेंबरातल्या त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि हात असे थरथरत होते, की मला ते मशीन परवडलं. जवळजवळ पंचवीस तास पोटात अन्न नाही आणि शुगरचा माणूस. आता नाही जेवले तर उद्या सकाळी नऊपर्यंत काहीच नाही. मला काकू दिसल्या, पिठाच्या पिशवीला गाठ मारताना.

मी त्यांना धरून तळघरातल्याच जेवणाच्या खोलीत नेलं. तिथंही खिडकी नव्हती. डबा काढला, भाकरी समोर ठेवली. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "पोरी, आज किती?"

मी फोन काढला, अंगठा आकड्यावर ठेवला आणि म्हटलं, "चार दहा, सर. मघाशी मी कालपरवाचं बघितलं होतं."

कालपरवाचं! दिवस लहान होत चाललेत हे शेंबडं पोरही जाणतं, आणि मी सूर्यास्त पाऊण तास पुढं ढकलत होते. पण तोंडातून निघून गेलं. सरांनी एकदा माझ्या अंगठ्याकडं बघितलं. मग "व्हय? मग हाय की येळ," म्हणाले आणि दीड भाकरी चटणीशी खाल्ली, वर मूठभर बेदाणे. चार वाजून पाच मिनिटांनी डबा मिटला. मी उगीच वह्या आवरत वेळ काढला आणि पावणेपाचला त्यांना बाहेर आणलं, तर काळा कुळकुळीत अंधार.

"लय लवकर पडला अंदार आज," सर म्हणाले.

"ढग आहेत, सर," मी म्हटलं.

"व्हय व्हय. ढगच."

दुसऱ्या दिवशी सर काही खायला तयार होईनात. पोट बिघडलंय म्हणाले आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिले. मी मनात म्हटलं, शिळी भाकरी बाधली असेल, आणि वर त्यांच्यावरच चिडले.

सांगलीत परत आलो तर काकूंनी गावभर केलेलं होतं. परदेशात जाऊनसुद्धा आमच्या माणसानं नेम मोडला न्हाई, एक दिवस न्हाई! देवळात, बाजारात, कॉलेजात, भेटेल त्याला सांगायच्या. आणि सांगून झालं की माझ्याकडं बोट करायच्या, "ही हुती की सोबत, इचारा." मी मान हलवायची. दर वेळी मान हलवली की तळघरातली ती भाकरी आठवायची. समाजातल्या लोकांनी त्यांचा सत्कार ठरवला. हॉल भरला, हार आले, फेटा आला, शाल आली, आणि सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी. तासभर शोधाशोध झाली. सर शेतात हळदीला पाणी देत होते. बोलवायला गेलेल्या माणसाला म्हणाले, "शालीनं अंग खाजतंय माझं." लोक हसले, सर असेच, म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मला एकटीला हायसं वाटलं होतं.

पाच वर्षं गेली. मी लोणंदला एका कारखान्यात लागले. तिथं फिरणाऱ्या तबकड्यांचंच काम करते, कोन अजून दोनदा मोजते. सर निवृत्त होणार म्हणून गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. "कार्यक्रम हाय. तू बोलायचं. परदेशातला नेम कसा पाळला, त्ये सगळ्यास्नी सांगायचं. तू साक्षीला हुतीस."

चार रात्री धड झोप नाही. खोटं एकदा बोलणं वेगळं आणि माईकवर, सरांच्या समोर, त्यांच्या आयुष्यभराच्या नेमाला माझ्या खोट्याचा हार घालणं वेगळं. शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच सांगली गाठली.

सर ओसरीवर बसले होते. केस पांढरे झालेले, खिशात व्हर्नियर तसंच. आतून काकूंचा आवाज आला, "आवं, पानं घेतली. बावीस मिनिटं हायत." सर उठायला लागले आणि मला रडूच फुटलं. "सर, मला काहीतरी सांगायचंय," म्हटलं आणि सुरुवात केली. पण मी कसली सरळ सांगणार! तबकडी सांगितली, कोन सांगितला, काकूंची पिठाची पिशवी सांगितली, रडत रडत मागं-पुढं केलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, "आवं, मावळाय आला." सरांनी हात वर केला. "थांब. पोरगी बोलतीया." काकू तिथंच उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं न बघता सगळं सांगून टाकलं. चार दहा, अंगठा, ढग, सगळं.

सरांनी तोच चेहरा केला, काहीच माहीत नसल्याचा.

"त्या दिवशी खरा किती वाजता मावळला हुता गं?"

"तीन पंचवीस, सर."

"चुकलं," सर म्हणाले. "तीन एकवीस. तुझ्या फोनात तिकडच्या जवळच्या मोठ्या शहराचा टाइम यायचा. आपण ऱ्हायचो त्ये गाव त्याच्या एक अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं. चार मिनिटं वजा."

मला कळायला वेळ लागला. निघायच्या आधीच त्यांनी सांगलीत बसून तिथल्या सगळ्या दिवसांचे सूर्यास्त हातानं काढले होते. रोज सकाळी लॅबच्या दारात "आज किती" विचारणारा माणूस मला वर्गात उभी करत होता, चार महिने! आणि मी आपली समजत होते, की नेम माझ्या फोनवर चाललाय. असला राग आला मला स्वतःचा आणि त्यांचाही.

"मग जेवलात कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "माहीत होतं तर जेवलात कशाला, सर?"

"अंगठा थरथरत हुता तुझा," सर म्हणाले. "माझ्या हातापेक्षा जास्त. न्हाई जेवलो असतो आन् पडलो असतो, तर जल्मभर तू म्हनली असतीस, माझ्यापायी झालं. नेम माझा हाय, पोरी. त्याचं वझं तुझ्या डोक्यावर कशापायी? मोडला तर माझा मोडंल. दुसऱ्या दिवशी उपास करून टाकला." मग म्हणाले, "फट ठेवाय लागती."

काकू अजून दारातच होत्या. पाच वर्षं त्यांनी गावभर सांगितलेलं माझ्यामुळं खोटं पडलं होतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले, तर त्यांनी मला वरच्या वर धरलं. सरांकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे त्या सत्काराला त्यासाठनं पळाला व्हय तुमी! आन् मला म्हनला अंग खाजतंय." आणि पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

तेव्हा माझं लक्ष बाहेर गेलं. समोरच्या घरात दिवे लागले होते.

"सर, तुमचं जेवण! मावळला की!"

"सात एकला," सर म्हणाले. "सहा मिनिटं झाली. त्या दिवशी तुझ्यापायी जेवलो, आज तुझ्यापायी ऱ्हायलो. चल, ऊठ."

"आणि काकूंचं?"

"माझंबी ऱ्हायलंच की," काकू म्हणाल्या. "आता तू तरी जेव."

मी नको म्हटलं, पण त्या घरात माझं कधी कुणी ऐकलंय? दोघांनी मला पाटावर बसवलं आणि दोघं समोर वाढायला बसले, स्वतः उपाशी. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि काकूंची ती दोन पॉइंट आठची भाकरी. उद्या काय बोलू, असं विचारलं तर सर म्हणाले, "तबकडीचं बोल. कोन कुठनं मोजायचा त्ये सांग, पोरांच्या कामाला यील." पानातली भाकरी संपत आली तेव्हा सरांनी बुट्टीतून अजून एक उचलली. मी ताटावर हात आडवा धरला.

"ही कितवी गं?" सरांनी विचारलं. "माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई बाबा."

"चौथी होईल, सर. तीन झाल्या."

"चुकलं," सर म्हणाले, "दोनच झाल्या," आणि माझा हात बाजूला करून तिसरी वाढली.